‘लाल’ कांगारू करडा का दिसतो? ऑस्ट्रेलिया-सहलीच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

सहलीवरून परतलेले प्रवासी आम्हाला आवर्जून फोटो पाठवतात. त्यांतला कांगारू तांबूस असला की फोटोखाली ‘लाल कांगारू’ असे लिहिलेले असते आणि राखाडी असला की ‘करडा कांगारू’. यांतली बरीच नावे चुकतात, पण त्याबद्दल प्रवाशांना दोष देता येत नाही, कारण जातीचे नाव आणि अंगावरचा रंग यांची सांगड निसर्गाने घातलेली नाही. इतक्या लांबचा आणि खर्चाचा प्रवास करून आपण जे पाहणार आहात, ते नेमके कोण आहे हे आपल्याला कळावे, यासाठी हे पत्रक आम्ही काळजीपूर्वक तयार केले आहे.

मोठ्या चणीच्या कांगारूंच्या सहा जाती मानल्या जातात : लाल कांगारू, पूर्वेकडचा करडा, पश्चिमेकडचा करडा, सामान्य वॉलरू, अँटिलोपाइन कांगारू आणि काळा वॉलरू. ‘कांगारू’ हा शब्द आपण या सर्वांसाठी सरसकट वापरतो, पण तो जिथून आला तिथे तसा नव्हता. १७७० साली कॅप्टन कुक यांचे ‘एन्डेव्हर’ जहाज प्रवाळखडकावर आदळून नादुरुस्त झाले आणि आजच्या कूकटाउनपाशी नदीच्या मुखात दुरुस्तीसाठी थांबले, तेव्हा तेथील गूगू यिमिथिर लोकांकडून हा शब्द टिपला गेला. त्यांच्या भाषेत ‘गंगुरू’ हे मोठ्या, गडद रंगाच्या एकाच प्रकारच्या कांगारूचे नाव असून बाकीच्या प्रकारांना स्वतंत्र नावे आहेत. ज्यांनी हे प्राणी पिढ्यान्‌पिढ्या जवळून पाहिले, त्यांना सगळ्यांना मिळून एकच नाव पुरले नाही.

लाल कांगारू : नर तांबडा, मादी निळसर

सर्वाधिक घोटाळा याच जातीत होतो. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ देमारे यांनी १८२२ साली या जातीला ‘रूफस’, म्हणजे तांबडा, असे शास्त्रीय नाव दिले आणि प्रौढ नराला ते अगदी शोभते. त्याची पाठ गेरूने सारवलेल्या भिंतीसारखी दिसते. मादी मात्र, विशेषतः पूर्वेकडच्या राज्यांत, निळसर राखाडी असते आणि तिच्या वेगामुळे तेथील लोक तिला ‘ब्लू फ्लायर’ म्हणतात. विदर्भात जिला रोही म्हणतात ती नीलगाय ज्यांनी पाहिली असेल, त्यांनी ही जोडी उलटी करून लक्षात ठेवावी : नीलगायीत नर निळसर करडा आणि मादी पिंगट, तर येथे नर तांबडा आणि मादी निळसर.

तरीही हा नियम पक्का धरू नये. खंडाच्या मध्यभागातील रखरखीत प्रदेशात अनेक माद्याही तांबूस असतात, आणि अधूनमधून राखाडी नरही आढळतो. त्यामुळे ॲलिस स्प्रिंग्जच्या परिसरात दिसलेल्या तांबूस प्राण्याला केवळ रंगावरून नर म्हणणे धोक्याचे आहे. त्याऐवजी चण पाहावी. पूर्ण वाढलेला नर ८५ किलोंपर्यंत भरतो, त्याचे खांदे आणि पुढचे हात पहिलवानासारखे भरलेले असतात. मादी सुमारे ३५ किलोंची, सडपातळ असते. पिशवीतून डोकावणारे पिल्लू दिसले, तर मग प्रश्नच उरत नाही.

केसांचा मूळ रंग मेलॅनिन या रंगद्रव्याच्या दोन प्रकारांवर ठरतो. एक प्रकार काळ्या-तपकिरी छटा देतो, दुसरा पिवळ्या-तांबड्या, आणि त्यांचे प्रमाण बदलले की छटा बदलते. परंतु लाल नराच्या गळ्यावरची आणि छातीवरची लाली सगळीच केसांतली नसते. तेथील त्वचेतून लालसर भुकटीसारखा स्राव येतो. तो केसांवर बसतो आणि पांढऱ्या कापडाने चोळला तर कापडाला गुलाबीसर डाग पडतो. (हा प्रयोग आपण करावयाचा नाही, प्रौढ नराच्या जवळ जाणे धोकादायक असते.)

करडे कांगारू

पूर्वेकडच्या करड्या कांगारूबद्दल फार सांगण्यासारखे नाही. क्वीन्सलँडपासून व्हिक्टोरियापर्यंत आणि टास्मानियातही तो आढळतो. नर आणि मादी दोघेही राखाडी-तपकिरी असतात, पोट फिकट आणि शेपटीचे टोक गडद. येथे रंगावरून नर-मादी ओळखता येत नाही.

पश्चिमेकडचा करडा नावाने करडा असला, तरी प्रत्यक्षात चॉकलेटी तपकिरी दिसतो आणि त्याचा चेहरा अधिक गडद असतो. ॲडलेडच्या नैर्ऋत्येला असलेल्या कांगारू बेटावर तर तो आणखी काळपट आणि दाट केसांचा असतो. १८०२ साली मॅथ्यू फ्लिंडर्स यांच्या खलाशांना या बेटावर ताजे मांस मिळाले, म्हणून त्यांनी त्याला हे नाव दिले. देमारे यांनीच १८१७ साली या जातीला ‘फुलिजिनोसस’, म्हणजे काजळीसारखा, असे नाव दिले. या बेटावरील फ्लिंडर्स चेस राष्ट्रीय उद्यानात तो पाहिल्यावर हे नाव किती नेमके आहे ते पटते.

वॉलरू आणि उत्तरेकडचे कांगारू

रेहेकुरीच्या माळावर काळा नर आणि पिंगट मादी असे काळविटांचे कळप पाहिलेल्या प्रवाशांना सामान्य वॉलरूचा पूर्वेकडचा प्रकार ओळखीचा वाटेल. डोंगरउतारांवर राहणारा त्याचा नर गडद, जवळजवळ काळा असतो, तर मादी फिकट निळसर राखाडी. याच जातीचा अंतर्भागात राहणारा प्रकार ‘यूरो’ म्हणून ओळखला जातो. तो बहुधा तांबूस असतो आणि लाल कांगारूशी त्याची हमखास गल्लत होते. उत्तरेकडच्या अँटिलोपाइनमध्येही नर तांबूस असून माद्यांत बऱ्याच राखाडी असतात. काळा वॉलरू केवळ उत्तर ऑस्ट्रेलियातील अर्नहेम लँडच्या खडकाळ पठारावर आणि कड्यांच्या आसपास राहतो. त्याचा नर काळा, मादी करडी-तपकिरी. त्याच भागातील काकाडू राष्ट्रीय उद्यानाच्या सहलीत नोरलंजी खडकापाशी पहाटे तो दिसू शकतो, म्हणून त्या दिवशी आम्ही गाडी लवकर काढतो, आणि कोणी कुरकुर केली तरी वेळ बदलत नाही.

रंगाने दगा दिला तर नाक पाहावे

सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या उजेडात राखाडी केसही तांबूस दिसतात, आणि कांगारू नेमके त्याच वेळी चरायला बाहेर पडतात. अशा वेळी दुर्बीण नाकावर लावावी. दोन्ही करड्या जातींत नाकपुड्यांच्या मधला भाग बारीक केसांनी झाकलेला असतो. वॉलरूचे नाक उघडे, काळे आणि मोठे दिसते. लाल कांगारूच्या नाकावर उघड्या त्वचेचा भाग त्याहून लहान असतो, शिवाय मुस्कटाच्या बाजूला काळ्या-पांढऱ्या खुणा असून ओठांच्या कोपऱ्यापासून कानाकडे पांढरट पट्टा गेलेला असतो. या खुणा निळसर मादीवरही असतात, त्यामुळे तिला ‘करडा कांगारू’ समजण्याची चूक टळते.

दक्षिण ऑस्ट्रेलियातील बॉर्डरटाउन येथे पांढरेशुभ्र कांगारू पाळलेले आहेत. ती वेगळी जात नाही, तो पश्चिमेकडचा करडाच आहे.

फोटो काढताना एक पूर्ण बाजूने आणि एक नाक स्पष्ट दिसेल असा काढावा, ठिकाणाचे नाव लिहून ठेवावे आणि आम्हाला पाठवावा. जात आणि शक्य असल्यास नर-मादी आम्ही कळवू; त्यासाठी वेगळे शुल्क नाही.