थंडीत रोप वाढत नाही? टॉनिक घेण्याआधी हे वाचा

डिसेंबर लागला की आमच्या नर्सरीत एकच तक्रार: टोमॅटोचं रोप नेलं तेव्हा टवटवीत होतं, आता हलायला तयार नाही, काय घालू? टॉनिकची बाटली विकली तर गल्ला आमचाच भरेल, पण रोपाची अडचण पोटाची नाही, जनुकांची आहे.

पुण्यात पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, पाषाणसारख्या मोकळ्या भागात पेठांपेक्षा गारठा जास्तच. हा गारठा जाणवला की रोपातली सीबीएफ नावाची जनुकं चालू होतात. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या इवल्याशा रोपात ४ अंशांना ती १५ मिनिटांत कामाला लागतात. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं, की यातलं एक जनुक सतत चालू ठेवलं तर रोप थंडीची सवय न लावताही गोठणं सोसतं. पुढच्या प्रयोगांत मात्र अशी जनुकं फार जोरात चालली की रोपं बुटकी राहू लागली. कारण थंडीपासून वाचवणारी हीच जनुकं रोपातलं जिबरेलिन, म्हणजे उंची वाढवणारं संप्रेरक, कमी करतात. थोडक्यात, वाढ थांबवणं हा रोपाचा बचावच आहे.

कोबी मोहरीच्याच कुळातला, त्यामुळे त्याला आपली थंडी मानवते. पालक-मेथी त्या कुळातली नाहीत, पण त्यांनाही ती मानवते. टोमॅटोत सीबीएफ आहे, थंडीत ते चालूही होतं, पण बटण दाबून दोनच दिवे लागावेत तशी गत: त्याच्या हाताखालची जनुकं मोजकीच. मिरची, वांगी आणि तुळसही थंडीला नाजूक. तुळशीची पानं काळपट होऊन गळतात. लगेच उपटू नका, खोड हिरवं असेल तर ती पुन्हा फुटते.

या दिवसांत युरिया अजिबात नको, कोवळी फूट येते आणि तीच आधी मार खाते. पाणी सकाळी ऊन आल्यावर, बेताचं. शेडनेटमधून नेलेलं रोप एकदम गच्चीत उघड्यावर ठेवू नका, आठवडाभर हळूहळू सवय लावा. रात्री जुनी साडी किंवा चादर टाकली तरी पुरे, फक्त प्लास्टिक पानांना टेकू देऊ नका. पाकिटावर ‘थंडीतही भरघोस वाढ’ छापलेलं असलं तरी औषधाने जनुकं बदलत नाहीत, त्यासाठी वाणच तसा निवडावा लागतो. बी घेताना विचारा, आम्ही सांगू.

खोड मऊ पडलं असेल तर रोप घेऊन या, बदलून देऊ. नुसतं थांबलं असेल तर फेब्रुवारीपर्यंत वाट पाहा.