दोन बुलबुल, उसनी नावं

कोल्हापुरात गॅलरीतल्या वेलीत किंवा जास्वंदीच्या कुंडीत घरटं दिसलं, की घरचे म्हणतात, "बुलबुलाचं हाय." कुठल्या बुलबुलाचं, हे सहसा कोणी विचारत नाही. बहुधा लालबुड्याचं असतं. काळं डोकं, बसकी शेंडी, अंगावर खवल्यांची नक्षी आणि उडाला की कमरेवर चमकणारा पांढरा ठिगळ. पन्हाळ्याकडे, पुढे राधानगरी-दाजीपूरकडे झाडी आणि पाऊस वाढला की नारद बुलबुल जास्त दिसू लागतो. त्याची शेंडी कीर्तनातल्या नारदासारखी ताठ, छाती पांढरी, डोळ्यामागे लाल ठिपका. शिपाई बुलबुल म्हणतात तो हाच. शिरोळच्या कोरड्या बाजूला मात्र राज्य लालबुड्याचं.

'बुलबुल' हा शब्दच मुळात उसना. फारसी कवींचा बुलबुल म्हणजे नाइटिंगेल, वेगळ्या कुळातला. तो दख्खनला येत नाही. नाव तेवढं आलं आणि इथल्या शेंडीवाल्यांना चिकटलं.

शास्त्रानं तरी काय वेगळं केलं? प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसनं १७५८ मध्ये नारदाला खाटीक पक्ष्यांच्या गटात घातलं आणि 'जोकोसस' म्हणजे गमत्या असं नाव दिलं. हे त्याला शोभतं. लालबुड्याला १७६६ मध्ये त्यानं कस्तुरांत ढकललं. सख्खे भाऊ दोन वेगळ्या घरांत! त्यात फ्रेंच पक्षितज्ज्ञ ब्रिसाँनं लालबुड्या आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला सापडतो असं लिहून ठेवलेलं. त्यावर विसंबून लिनिअसनं नाव दिलं 'काफर', म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा. हा पक्षी तिथला नाहीच. पण आधी दिलेलं नाव टिकतं, हा नियम. म्हणून चूक आजही चालू आहे. १८२६ मध्ये जर्मन पक्षितज्ज्ञ बोई यानं 'पिक्नोनोटस' ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट (जीनस), मांडली. आज दोघंही त्याच प्रजातीत आहेत.

मराठी नावं पक्षी बघून पडलेली, तरी तीही पुरती चोख नाहीत. नारदाचंही बूड लालच असतं! त्याच्या पिल्लाच्या गालावर तर लाल ठिपकाही नसतो. असंच एक पिल्लू आमच्या गच्चीच्या कठड्यावर बसलं होतं, शेपटीखाली फिकट नारिंगी. शेजारचे काका म्हणाले, "लालबुड्याच की हो ह्यो." मी त्यांना त्याची पांढरी छाती दाखवली. तेवढ्यात आई आली, चोचीत हिरवी अळी, डोक्यावर ताठ शेंडी.