चार किलोमीटरची नळी आणि फॉइलची पट्टी

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला लांबून माणसं येतात ती ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला. याच तालुक्यात दुधाळ्याच्या शिवारात जगातल्या सर्वात नाजूक मोजमाप यंत्रांपैकी एक उभं राहायचं आहे. ते म्हणजे लायगो-इंडिया, अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारं यंत्र. केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये त्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. हा आकडा निघाला की पारावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एवढ्या पैशात किती शेततळी झाली असती?" दुष्काळ भोगलेल्या माणसांचा हा प्रश्न आहे. त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे.

मी भौतिकशास्त्र शिकवतो. नववीच्या लेकरांना हे यंत्र समजावताना मी काचेच्या दोन पट्ट्या घेतो, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात त्या. एकीवर दुसरी ठेवायची आणि एका टोकाला पोळ्या गुंडाळायच्या फॉइलची बारीक पट्टी सरकवायची. स्पिरिटच्या दिव्याच्या वातीवर मीठ टाकलं की ज्योत पिवळीधमक होते. खोलीत अंधार करून त्या ज्योतीचं प्रतिबिंब काचेत बघायचं. काचेवर काळ्या-पिवळ्या, थोड्या वेड्यावाकड्या रेघा दिसू लागतात. वरच्या काचेवरून परतलेला प्रकाश आणि खालच्या काचेवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतात. कुठे ते एकमेकांना जोर देतात, तिथे उजेड. कुठे एकमेकांना पुसून टाकतात, तिथे अंधार. आता काच बोटाने अलगद दाबायची. मागच्या बाकावरची एक मुलगी ओरडली होती, "सर, रेघा पळायल्यात!"

रेघ एक घर सरकली म्हणजे दोन काचांमधलं अंतर साधारण 0.3 मायक्रॉनने बदललं. आपला केस याच्या दोनशेपटीहून जाड असतो. सगळं सामान थोडक्या पैशात बसतं.

लायगो याच तत्त्वावर चालतं. लेसरचा एक किरण दुभागून काटकोनातल्या दोन नळ्यांमध्ये सोडतात. प्रत्येक नळी चार किलोमीटर लांब, आतली हवा जवळपास पूर्ण काढलेली. टोकाला सुमारे 40 किलोचे आरसे काचेच्या बारीक तंतूंवर टांगलेले. किरण परत येऊन एकमेकांना पुसून टाकतील अशी जुळणी असते. दूर कुठे दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशच किंचित ताणलं-आकसलं जातं, हीच गुरुत्वीय लहर. ती इथवर आली की एक नळी लांबते, दुसरी आखूडते आणि अंधारात प्रकाश उमटतो. हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका सूक्ष्म असू शकतो. म्हणून जागा अशी लागते, जिथे जमीन शांत आहे. आपला हा निवांत मुलूख त्यासाठीच निवडला गेला.

अमेरिकेतली दोन यंत्रं 2002 ते 2010 निरीक्षणं घेत होती. लहर एकदाही सापडली नाही. तरी तिथल्या सरकारने हात आखडता घेतला नाही, यंत्रं सुधारायला पैसे दिले. 14 सप्टेंबर 2015 ला पहिली लहर मिळाली, सुमारे 130 कोटी प्रकाशवर्षांवरून आलेली. आठ वर्षं हाती काही न लागता धीर धरणं, मला वाटतं, पैसे देण्याहून अवघड आहे.

आपल्या माणसांचाही त्यात वाटा आहे. धडकेनंतर कृष्णविवर घंटेसारखं घुमत शांत होतं, हे सी. व्ही. विश्वेश्वर यांनी 1970 मध्ये गणिताने दाखवलं होतं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोंगाटातून अशी लहर वेचून काढायच्या पद्धतींवर काम केलं, तेव्हा एवढं मोठं यंत्र जगात कुठेच नव्हतं. त्या कामाला लागले ते कागद, संगणक आणि वेळेवर होणारा पगार.

शेततळ्याच्या प्रश्नाचं उत्तर मला नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रात दिसतं. एनएचएच 44 हे संकरित वाण तिथलं. मराठवाड्यातल्या कोरडवाहू रानात त्याने किती घरं उभी केली, हे जुने शेतकरी सांगतील. पगारी माणसांनी वर्षानुवर्षं परागीकरण करून, निवड करून ते घडवलं, आणि त्या वर्षांच्या पगारालाही तेव्हा कुणीतरी खर्चच म्हटलं असेल.

देश म्हणून आपण संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) 0.64 टक्के खर्च करतो. चीन दोन टक्क्यांच्या पुढे आहे, दक्षिण कोरिया पाचच्या आसपास. कोरियात मोठा वाटा कंपन्या उचलतात. आपल्याकडे भार सरकारवर आहे. शिक्षणावर सहा टक्के खर्च करा, असं कोठारी आयोगाने 1966 मध्ये सांगितलं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तेच पुन्हा सांगितलं, आणि आपण अजून त्याच्या खालीच आहोत.

ही टक्केवारी मला कुलपाच्या रूपात आठवते. मी शिकलो त्या शाळेत प्रयोगशाळा होती, पण तिचं कुलूप तपासणीच्या दिवशीच निघायचं. वक्रीभवनाची आकृती मी पाठ केली, प्रिझम हातात घेतला तो कॉलेजात. दुधाळ्याला 2,600 कोटी येत असतील तर आसपासच्या प्रत्येक शाळेला काचेच्या पट्ट्या आणि स्पिरिटचा दिवा का मिळू नये? दोन्ही खर्च एकाच कामाचे आहेत. वरचा केला आणि खालचा टाळला, तर यंत्र इथे आणि ते चालवणारी माणसं बाहेरची, असं होईल.

मागच्या वर्षी हे सांगत असताना एका मुलाने विचारलं, "सर, नळी जोडणार कोण?" त्याचा भाऊ आयटीआयला वेल्डिंग शिकतो. मी सांगितलं, अमेरिकेतली नळी सुमारे तीन मिलिमीटर जाड स्टीलची आहे. जोडात सुईच्या टोकाहून बारीक भोक राहिलं, तरी आतली निर्वात पोकळी बिघडते. तसं वेल्डिंग वेगळं शिकावं लागतं, ते शिकवणारा लागतो आणि गळती तपासायची यंत्रणाही. तो म्हणाला, "केवढी रुंद असती?" मी म्हटलं, सव्वा मीटरच्या आतबाहेर. त्याने खडू आणि सुतळी घेऊन वर्गाच्या फरशीवर तेवढं वर्तुळ काढलं, आणि त्यात चौघं जण दाटीवाटीने उभे राहिले.