अर्धी अँटेना पत्र्यात असते

3 सप्टेंबर 2007 रोजी स्टीव्ह फॉसेट हे जगप्रसिद्ध साहसी वैमानिक अमेरिकेतील नेव्हाडा राज्यातून एका छोट्या विमानाने एकटेच निघाले आणि परतले नाहीत. विमानात अपघाताच्या धक्क्याने आपोआप सुरू होणारा आपत्कालीन ट्रान्समीटर होता, पण त्याचा संकेत कोणालाही मिळाला नाही. अनेक आठवडे शोध चालला, तरी विमानाचे अवशेष सापडायला सुमारे तेरा महिने लागले, आणि ते शेजारच्या कॅलिफोर्नियातील डोंगरात सापडले. आपत्कालीन ट्रान्समीटर अपघात झाल्यानंतर बोलू लागतो, आणि नेमक्या त्याच क्षणी त्याची अँटेना मोडण्याची किंवा केबल तुटण्याची शक्यता सर्वाधिक असते. म्हणूनच घरी बांधलेली छोटी विमाने उडवणारे अनेक हौशी वैमानिक त्याच्या जोडीला ट्रॅकर बसवतात. उड्डाण चालू असताना ठरावीक वेळाने आपली जागा रेडिओवरून कळवत राहणारे हे यंत्र आहे. हा लेख त्या यंत्राविषयी कमी आणि त्याच्या अँटेनेविषयी अधिक आहे, कारण ट्रॅकर निकामी ठरतो तो बहुतेक वेळा अँटेनेपायी, असे माझे मत आहे.

हॅम रेडिओच्या, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओ चालवणाऱ्यांच्या, जगात अशा ट्रॅकिंगसाठी एपीआरएस ही पद्धत रूढ आहे. अमेरिकन नौदल अकादमीतील बॉब ब्रूनिंगा यांनी ती विकसित केली. विमानातील जीपीएस ग्राहक (रिसीव्हर) अक्षांश, रेखांश आणि उंची देतो. ट्रॅकर ही माहिती 1200 आणि 2200 हर्ट्झच्या दोन स्वरांत गुंफतो आणि क्षणभराच्या एका पुडक्यात प्रसारित करतो. जमिनीवरील केंद्राला ते पुडके ऐकू आले तर ठीक. आले नाही तर ते कायमचे गेले, कारण केंद्राकडून पोच येत नाही आणि ट्रॅकर ते पुन्हा पाठवत नाही. ताशी 250 किलोमीटर वेगाचे विमान एका मिनिटात सुमारे 4.2 किलोमीटर जाते. दर मिनिटाचे प्रत्येक पुडके पोहोचत असेल, तर शेवटच्या ठाऊक असलेल्या जागेभोवती शोधायचे वर्तुळ साधारण 55 चौरस किलोमीटरचे राहते. शेवटचे एकच पुडके हरवले तर तेच वर्तुळ 218 चौरस किलोमीटरचे होते, आणि ओळीने दोन हरवली तर जवळजवळ 490 चौरस किलोमीटरचे. राधानगरी किंवा गगनबावड्याच्या जंगलात पायी शोध घेणाऱ्या माणसांसाठी हा फरक किती मोठा आहे, हे त्या भागात एकदा तरी पावसाळ्यात गेलेल्या कोल्हापूरकराला सांगावे लागणार नाही.

अँटेनेची लांबी तरंगलांबीवर ठरते. 300 या संख्येला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले की मीटरमध्ये तरंगलांबी मिळते. उत्तर अमेरिकेत एपीआरएस 144.39 मेगाहर्ट्झवर चालते आणि युरोपात 144.80 वर. या पट्ट्यात तरंगलांबी दोन मीटरपेक्षा किंचित अधिक भरते, आणि तिच्या पाव हिश्श्याची दांडी, टोकाच्या परिणामामुळे थोडी आखूड धरून, सुमारे 49 ते 50 सेंटिमीटरची होते. विमानांची ओळख आणि उंची सांगणारे एडीएस-बी हे तंत्र 1090 मेगाहर्ट्झवर चालते. तिथे हीच पाव तरंगलांबी 7 सेंटिमीटरपेक्षाही कमी होते, त्यामुळे ती अँटेना बोटभर उंचीची असते. आपत्कालीन ट्रान्समीटरच्या 406 मेगाहर्ट्झला साडेअठरा सेंटिमीटर पुरतात. दांडी दुकानात तयार मिळते किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या लेथवर हवी तशी कापून, आटे पाडून घेता येते. मात्र पाव तरंगलांबीची दांडी ही केवळ अर्धी अँटेना आहे. दांडीत जितका विद्युतप्रवाह वर चढतो, तितकाच तिच्या बुडाशी असलेल्या धातूच्या पृष्ठभागावर पसरावा लागतो. त्या पृष्ठभागाला ग्राउंड प्लेन म्हणतात, आणि विमानात तो विमानाचा पत्राच असतो.

हे तत्त्व मला आमच्या गच्चीवर उमगले, आणि तेही स्वयंपाकघरातल्या दोन भांड्यांमुळे. भाकरीचे पीठ मळायची लाकडी काटवट आणि पंगतीत भात वाढून नेण्याची मोठी स्टीलची परात अशी दोन्ही पालथी घातली आणि एकच आखूड दांडी आळीपाळीने दोहोंच्या मध्यभागी उभी केली. काटवटीवर दांडीचे मोजमाप अस्थिर राहिले. केबलला हात लावला तरी आकडे हलत, कारण दांडीला जोडीदार न मिळाल्याने केबलच अँटेनेचे उरलेले अर्धे काम करू लागली होती. परातीवर तीच दांडी शांत झाली. दोन मीटरच्या पट्ट्यासाठी मात्र परात अपुरी पडते. दांडीच्या चहूबाजूंना किमान पाव तरंगलांबी, म्हणजे जवळपास एक मीटर व्यासाचा पत्रा असावा असा संकेत आहे.

घरी बांधलेली विमाने एकाच पदार्थाची नसतात, आणि कोणती अँटेना निवडायची याचे पहिले उत्तर त्या पदार्थातच असते. मुंबईच्या कॅप्टन अमोल यादव यांनी आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले आणि 2016 च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. त्याच्यासारख्या धातूच्या विमानात परात आयतीच मिळते. पोटाखालच्या पत्र्यावर पाव तरंगलांबीची दांडी लावली की झाले. काचतंतूंचे विमान रेडिओ लहरींना जवळजवळ पारदर्शक असते. तिथे ग्राउंड प्लेन नाही, पण अँटेना आत दडवण्याची मुभा आहे. अमेरिकन विमानरचनाकार बर्ट रुटान यांच्या काचतंतूंच्या विमानांत तांब्याच्या पट्टीचे द्विध्रुव, म्हणजे दोन भुजांच्या अँटेना, विमानाच्या अंगातच बसवल्या गेल्या, आणि बाहेर काहीही न काढता त्या चालल्या. द्विध्रुवाला दोन्ही भुजा स्वतःच्याच असल्याने पत्र्याची गरज उरत नाही. लाकूड आणि कापडाच्या विमानाला हाच उपाय लागू पडतो, किंवा आतून पातळ ॲल्युमिनियमच्या चार पट्ट्या चार दिशांना पसरून कृत्रिम परात तयार करता येते. खरी फसगत कार्बन तंतूंत होते. दिसायला तो काचतंतूचा भाऊ वाटतो, पण तो वीज वाहून नेतो. त्यामुळे त्याच्या आत ठेवलेली अँटेना झाकण लावलेल्या डब्यात ठेवल्यासारखी मुकी होते आणि ग्राउंड प्लेन म्हणून मात्र तो धातूइतका चांगला ठरत नाही. कार्बनच्या विमानात अँटेना बाहेरच हवी आणि तिच्या बुडाखाली तांब्याची जाळी किंवा पत्रा हवा.

जागेची निवड हा मला सर्वांत रसाळ भाग वाटतो. जमिनीवरच्या केंद्रांना ऐकू जायचे असेल तर पोट ही स्वाभाविक जागा आहे. मात्र पोटाखाली चाकांचे पाय असतात, धुराडे असते, आणि यातील प्रत्येक धातूची वस्तू आपल्या मागे रेडिओची सावली पाडते. दांडी पायांपासून जितकी दूर, तितके बरे. दांडीच्या नेमक्या टोकाच्या दिशेला जवळजवळ काहीच प्रसारण होत नाही, म्हणून विमान केंद्राच्या थेट माथ्यावर असताना संकेत क्षीण होतो. पण तेव्हा अंतरही सर्वांत कमी असते, त्यामुळे ही उणीव सोसता येते. वळण घेताना विमान कलते, दांडीही कलते, आणि एका बाजूचा पंख आड येतो. उभ्या दांडीची लहर उभी ध्रुवित असते, म्हणजे उभ्या दिशेत कंप पावते, आणि जमिनीवरच्या अँटेनाही उभ्याच असतात. ट्रॅकरची दांडी आडवी बसवली तर हा मेळ तुटतो आणि तोटा 20 डेसिबेलपर्यंत जाऊ शकतो. 20 डेसिबेल म्हणजे शंभरपट. पाच वॉटचा ट्रॅकर मग 50 मिलिवॉटच्या खेळण्यासारखा वागतो, आणि कितीही महाग यंत्र घेतले तरी ही तूट भरून निघत नाही. दांडी 45 अंशांनी मागे झुकवली तर या मेळातला तोटा सुमारे 3 डेसिबेल होतो, म्हणजे निम्मी शक्ती. त्या बदल्यात वाऱ्याचा भार बराच कमी होतो. हा सौदा मला वाजवी वाटतो.

वाऱ्याचा भार म्हणजे किती, याचाही हिशेब करून पाहावा. 3 मिलिमीटर जाडीची, अर्धा मीटर लांबीची सरळ दांडी ताशी 250 किलोमीटर वेगाने हवेत धरली तर तिच्यावर सुमारे 5 न्यूटन, म्हणजे अर्धा किलो वजनाइतका जोर येतो. आकडा छोटा वाटतो, पण तो दांडीच्या बुडाशी तरफेसारखा काम करतो. शिवाय दांडीमागे हवेचे भोवरे आलटून पालटून सुटतात, आणि या वेगाला त्यांची संख्या सेकंदाला साडेचार हजारांच्या पुढे जाते. विमानाचा पत्रा जेमतेम 0.6 ते 0.8 मिलिमीटर जाडीचा असतो. अशा पत्र्याला भोक पाडून दांडी थेट आवळली तर भोकाच्या कडेपासून थकव्याची चीर निघते. म्हणून आतल्या बाजूने जाड पत्र्याचा एक जोडतुकडा लावून, तो रिव्हेटने जवळच्या फासळीशी किंवा आडव्या पट्टीशी जोडून भार वाटून द्यावा लागतो. मोटारीच्या टपावर वापरतात तशी चुंबकी बुडाची अँटेना इथे सुचवणारे लोक भेटतात. पण ॲल्युमिनियमला चुंबक धरत नाही, आणि विमानात चुंबक म्हणजे होकायंत्राचा शत्रू.

दांडीचे बूड आणि पत्रा यांत धातूला धातूचा स्पर्श हवा. रंगाचा एक पातळ थर मध्ये राहिला तरी परात असून नसल्यासारखी होते. बुडाएवढ्या जागेतला रंग काढून, तिथे गंजरोधक पण वीजवाहक रासायनिक लेप द्यावा आणि मग बोल्ट आवळावेत. ॲल्युमिनियमवर थेट तांबे किंवा पितळ टेकवले तर ओलाव्यात दोन धातूंची घटमाला सुरू होते आणि ॲल्युमिनियम खाल्ले जाते. आपल्याकडच्या पावसाळी हवेत हे फार लवकर घडते, म्हणून मध्ये टिनचा मुलामा दिलेला वायसर घालावा आणि कडेने बाहेरून सीलंटची रेघ ओढावी. सीलंट बुडाच्या खाली मात्र जाता कामा नये.

केबलबद्दल थोडक्यात सांगतो. आरजी-58 ही साधी कोॲक्सिअल केबल 144 मेगाहर्ट्झला मीटरमागे सुमारे 0.2 डेसिबेल खाते, त्यामुळे दोन मीटरच्या केबलीत फारसे नुकसान नाही. 1090 मेगाहर्ट्झला हाच तोटा तिपटीच्या पुढे जातो. इंजिनाच्या शेजारून केबल न्यायची असेल तर टेफ्लॉनची आतली वेष्टने असलेली आरजी-400 घ्यावी, कारण आरजी-58 मधील पॉलिथिन उष्णतेने मऊ पडते आणि मधली तार सरकून जाळीला टेकू शकते.

शेजाराचा प्रश्न याहून नाजूक आहे. जीपीएसचा संकेत जमिनीवर पोहोचतो तेव्हा त्याची शक्ती इतकी कमी असते की एका वॉटचे एक कोटी भाग करावेत आणि त्यातील एका भागाचे पुन्हा शंभर कोटी भाग करावेत, तेव्हा तो आकडा हाती येतो. त्याच्या शेजारी पाच वॉटचा ट्रान्समीटर दर मिनिटाला ओरडणार असतो. ट्रान्समीटर आपल्या वारंवारतेच्या पटींवरही थोडा गळतो, आणि संभाषणाच्या रेडिओवर हा उपद्रव मोजलेला आहे: 121.175 मेगाहर्ट्झची तेरावी पट आणि 131.275 मेगाहर्ट्झची बारावी पट दोन्ही जीपीएसच्या 1575.42 मेगाहर्ट्झच्या अगदी जवळ पडतात, म्हणून जीपीएस तपासताना या वारंवारतांवर मुद्दाम बोलून पाहिले जाते. जीपीएसची अँटेना पाठीवर आणि ट्रॅकरची पोटाखाली ठेवली तर मधला पत्राच भिंतीचे काम करतो. काचतंतूंच्या विमानात ही भिंत नसते, तिथे अंतरावरच भिस्त ठेवावी लागते. आपत्कालीन ट्रान्समीटरची अँटेनाही पाठीवर, शेपटीकडेच असावी; विमान पोटावर आपटले तर तीच शाबूत राहण्याची आशा असते. तिचे 406 मेगाहर्ट्झचे संकेत उपग्रहांमार्फत भारतात बंगळूरच्या इस्रो केंद्रात पोहोचतात.

हे सारे नीट जमले तर संकेत किती दूर जाईल? सपाट प्रदेशावर रेडिओ क्षितिज, म्हणजे संकेत जिथवर पोहोचतो ती हद्द, किलोमीटरमध्ये साधारणपणे उंचीच्या वर्गमुळाच्या 4.12 पट असते, उंची मीटरमध्ये धरून. पठारापासून 1000 मीटर उंच उडणाऱ्या विमानाचे क्षितिज 130 किलोमीटरवर असते. पन्हाळा आसपासच्या पठारापेक्षा सुमारे 400 मीटर उंच आहे. तिथे ग्राहक ठेवला तर त्याचे 82 किलोमीटर यात मिळवता येतात. म्हणजे हिशेबाने 200 किलोमीटरच्या पुढे, जवळजवळ पुण्याइतक्या अंतरावर. प्रत्यक्षात मध्ये डोंगर आहेत. विमानाने गगनबावड्याचा घाट ओलांडून कोकणाच्या बाजूने खाली झेप घेतली की सह्याद्रीचा कडाच आड येतो आणि पन्हाळ्याला काही ऐकू येत नाही. शक्ती वाढवून हा कडा ओलांडता येत नाही. त्यासाठी पलीकडे दुसरे केंद्रच हवे. उलट, फार उंचावरच्या विमानाने आपले पुडके केंद्रांकरवी वारंवार पुढे पाठवायला सांगितले तर शेकडो किलोमीटरच्या परिसरातील केंद्रे एकाच वेळी तेच बोलू लागतात आणि इतरांची वाट अडते, म्हणून उड्डाणात ही पुनरावृत्ती शक्य तितकी कमी ठेवावी.

भारतात विमानातील प्रत्येक ट्रान्समीटरला परवाना लागतो, आणि परदेशातून आणलेले उपग्रह ट्रॅकर परवानगीशिवाय बाळगणेही गुन्हा ठरू शकते. ही कागदपत्रे भोक पाडण्यापूर्वी पूर्ण करावीत.

शेवटची पायरी मोजमापाची. पाव तरंगलांबीच्या दांडीचा रोध चांगल्या पत्र्यावर 36 ओहमच्या आसपास येतो आणि केबल 50 ओहमची असते, त्यामुळे स्थायी तरंग गुणोत्तर, म्हणजे अँटेनेकडून किती शक्ती परत फिरते याचे माप, 1.4 दिसले तर ते दोषाचे नव्हे, सुदृढपणाचे लक्षण आहे. 2 पर्यंतही चिंता नाही. तेव्हा 11 टक्के शक्ती परत फिरते. 3 ला ती 25 टक्के होते आणि कारण शोधावे लागते. हे मोजणारी हातात मावणारी विश्लेषक यंत्रे आता हौशी माणसाच्या आवाक्यात आली आहेत. एक सावधगिरी मात्र हवी: गुणोत्तर उत्तम असणे आणि प्रसारण उत्तम असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण पाण्याने कुजलेली केबल सारी शक्ती स्वतःच गिळून सुंदर आकडा दाखवू शकते. म्हणून विमान मोकळ्या मैदानात उभे करून, दूर ठेवलेल्या ग्राहकाच्या दिशेने त्याला 45-45 अंशांनी वळवत आठही दिशांची तीव्रता लिहून घ्यावी. ते आठ आकडे, गुणोत्तर आणि तारीख विमानाच्या नोंदवहीत चिकटवावेत, आणि पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये पहिल्या उड्डाणापूर्वी बुडाचे बोल्ट तपासून तेच मोजमाप पुन्हा घ्यावे.