केग, बिअर लाइन आणि टॅप यांची स्वच्छता : सोलापूरच्या संदर्भात

केग म्हणजे बिअर किंवा सोडा दाबाखाली साठवण्याचे स्टेनलेस स्टीलचे पिंप. कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने त्यातले पेय बिअर लाइन नावाच्या नळीतून टॅपपर्यंत येते. या तिन्हींत चिकटलेला मळ आधी काढायचा आणि मग उरलेले जंतू मारायचे, असे हे दोन टप्प्यांचे काम आहे. क्रम बदलून चालत नाही. मळाच्या थराखाली जंतुनाशक पोचतच नाही.

घरगुती केग साधारण १९ लिटरचा असतो. तो मुळात शीतपेयांच्या सिरपसाठी बनवला गेला. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू असल्याने परवान्याशिवाय घरी बिअर बनवणे गुन्हा आहे. त्यामुळे सोलापुरात हे काम परवानाधारकांनी ड्राफ्ट बिअरसाठी, म्हणजे केगमधून टॅपने दिल्या जाणाऱ्या बिअरसाठी करायचे, आणि घरी सोडा किंवा कोंबुचा (आंबवलेला चहा) केगमध्ये भरणाऱ्यांनीही. पद्धत सगळ्यांना तीच.

मळ दोन जातींचा असतो. यीस्ट, प्रथिने आणि हॉप्सची (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांची) राळ हा सेंद्रिय मळ अल्कलीने सुटतो. बिअर स्टोन हा कॅल्शियम ऑक्झलेटचा करडा-पिवळट थर मात्र अल्कलीला दाद देत नाही, त्याला आम्लच लागते. या थरांच्या आडोशाने जिवाणू वाढतात. लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकस यांनी बिअर आंबते; पेडिओकॉकसमुळे तिला लोण्यासारखा वासही येतो. अॅसिटोबॅक्टरला हवा लागते, म्हणून तो टॅपच्या तोंडाशी ठाण मांडतो आणि बिअरचा व्हिनेगर करू लागतो.

व्यावसायिक लाइनसाठी रूढ वेळापत्रक असे : दर १४ दिवसांनी सुमारे २ टक्के कॉस्टिक सोड्याचे, म्हणजे तीव्र अल्कलीचे, द्रावण पंपाने १५ मिनिटे फिरवायचे आणि दर तीन महिन्यांनी आम्लाने धुवायचे. द्रावण कोमट असावे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की सोलापुरात गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी आपोआपच तेवढे तापलेले असते. पण त्याच उन्हाळ्यात थंडाव्याबाहेर राहिलेल्या नळीत जिवाणूही झपाट्याने वाढतात, म्हणून तेव्हा १४ दिवसांची वाट पाहू नये.

कॉस्टिक सोडा सोलापूरला नवा नाही. सूतरंगाईत तो वापरला जातो. तरी पेयाच्या नळीसाठी त्याच कामासाठी बनवलेले क्लीनरच घ्यावे. हातमोजे आणि चष्मा लावून कॉस्टिक पाण्यात घालायचा, कॉस्टिकवर पाणी ओतायचे नाही. केगमधला गॅस आधी पूर्ण सोडून द्यावा. दाब असताना झाकण उघडणे धोक्याचे आहेच, शिवाय उरलेला कार्बन डायऑक्साइड कॉस्टिकशी संयोग पावून त्याचा धुण्याचा सोडा करतो आणि द्रावणाचा जोर ओसरतो. ब्लीचिंग पावडर वापरू नये : क्लोरीनने स्टीलला बारीक खड्डे पडतात, आणि आम्लात मिसळल्यास विषारी वायू सुटतो.

सर्वांत जास्त हेळसांड होते ती टॅपची. बाहेरून चकचकीत दिसणारा टॅप पान्याने खोलला की आतल्या दांड्याभोवती तपकिरी, बुळबुळीत कडे हाताला लागते. नुसते द्रावण फिरवून ते जात नाही. प्रत्येक भाग सुटा करून बारीक ब्रशने घासावा लागतो. रबरी रिंगा काढून त्यांच्या खाचाही पुसाव्यात. चिरलेली किंवा वास धरलेली रिंग सरळ बदलावी. केगच्या आतली, तळापर्यंत जाणारी नळीही लांब ब्रशने साफ करावी.

सोलापुरात खरी अडचण पाण्याची आहे. शहराला उजनीचे पाणी काही दिवसांआड येते, बाकी काळ हौद-टाकीतल्या साठ्यावर किंवा बोअरवर भागवावे लागते. बोअरचे पाणी जड असेल तर अल्कलीबरोबर त्याचे पांढरे क्षार नळीत बसतात आणि आम्लयुक्त जंतुनाशक गढूळ होऊन निकामी ठरते. म्हणून धुणे पाणी येण्याच्या दिवशी उरकावे आणि जंतुनाशक जारच्या आरओ पाण्यात कालवावे. कॉस्टिक पूर्ण निघाला की नाही, हे पीएच पट्टीने तपासावे. नुसत्या बोटाच्या निसरडेपणावर विसंबू नये.

जंतुनाशकानंतर टाकीच्या पाण्याने पुन्हा विसळणे ही चूक अगदी सवयीने होते. साठवलेल्या पाण्यातले जंतू त्यामुळे नुकत्याच स्वच्छ झालेल्या नळीत जातात आणि सगळी मेहनत फुकट जाते. येथे न विसळता चालणारे जंतुनाशकच घ्यावे. आयोडिनयुक्त द्रावण दर दशलक्ष भागांत १२.५ भाग या प्रमाणात किमान दोन मिनिटे ठेवून नीट निथळू द्यावे. मग केग बंद करून त्यात थोडा कार्बन डायऑक्साइड भरून ठेवतात. पुढच्या भरणीच्या वेळी झडप दाबल्यावर गॅस सुटला नाही, तर कुठली तरी रिंग गळते आहे असे समजून केग पुन्हा निर्जंतुक करावा.