रेघेचं टोक बघा: एचिंग आणि एन्ग्रेव्हिंग

माणूस, जनावर आणि शास्त्रातली एखादी आकृती एकाच कागदावर, रेघा बारीक आणि काळ्याभोर. असं छापाचित्र दिसलं की आपल्याकडे त्याला सरसकट ‘कोरीव चित्र’ म्हणून टाकतात. एका प्रदर्शनात एचिंगखाली असंच लिहिलेलं पाहिलं आणि वाईट वाटलं. कारण ज्या धातूच्या पत्र्यावरून ते छापलं तो हाताने कोरलाच नव्हता, आम्लाने खाल्ला होता.

एन्ग्रेव्हिंगमध्ये ब्यूरिन हे पोलादी हत्यार तळहाताने तांब्यात रेटतात. पुढे धातूची बारीक तार निघत जाते. वळण हवं असेल तर हाताऐवजी पत्रा फिरवायचा. एचिंगमध्ये पत्र्यावर मेण-डांबराचा थर देऊन त्यावर सुईने चित्र काढतात. सुई थर तेवढा खरवडते, त्यामुळे हात कागदावर फिरावा तसा मोकळा फिरतो. मग पत्रा आम्लात सोडायचा. जितका जास्त वेळ, तितकी रेघ खोल. पुढे दोन्हीकडे सारखंच: खाचांत शाई भरायची, वरची पुसायची, ओलसर कागद ठेवून प्रेसमधून काढायचा. गोंधळ होतो तो इथेच.

भिंग घ्या. जर्मन चित्रकार ड्यूररचं १५१४ चं ‘मेलेन्कोलिया १’ हे एन्ग्रेव्हिंग आहे: पंखवाली बाई, निजलेलं हडकुळं कुत्रं, तराजू, आडवी, उभी, तिरपी बेरीज केली तरी ३४ येणारा आकड्यांचा चौरस. त्यातली रेघ केसासारखी सुरू होते, मध्ये फुगते, पुन्हा निमुळती होते. एचिंगच्या रेघेचं टोक बहुधा बोथट असतं, जाडी जवळजवळ सारखी, कडा जराशी खरबरीत.

अमेरिकन चित्रकर्ती किकी स्मिथच्या २००० सालच्या ‘पूल ऑफ टिअर्स २’ मध्ये एक मुलगी आणि पशुपक्षी एकाच पाण्यात पोहतात. त्यात एचिंगबरोबर ॲक्वाटिंट (आम्लाने सलग छटा उठवणं) आणि ड्रायपॉइंटही (आम्लाशिवाय सुईने थेट पत्रा ओरखडणं) आहे. लव, पिसं असं भुरभुरीत काही काढायला मला तरी सुईच जवळची वाटते. इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्सने घोडे स्वतः चिरून अभ्यासले आणि १७६६ च्या आपल्या घोड्याच्या शरीररचनेच्या ग्रंथासाठी पत्रेही स्वतः एच केले. निरीक्षण करणारा आणि रेघ ओढणारा हात एकच.

कधी दोन्ही पद्धती एकाच पत्र्यावर नांदतात. पॅरिसच्या ‘ॲटेलिए १७’ या छापाचित्रांच्या कार्यशाळेत काम केलेले कृष्णा रेड्डी मुळात शिल्पकार. ते आम्लही वापरत आणि हत्याराने पत्रा कोरतही. अशा ठिकाणी ‘इंटाग्लिओ’, म्हणजे खाचांतल्या शाईने छापलेलं कुठलंही चित्र, हाच शब्द बरोबर.