स्कार्फ, हेल्मेट आणि बक्कल नंबर

पुण्यात दुचाकीवरच्या मुलीचा चेहरा दिसत नाही, याचं कुणाला नवल वाटत नाही. कपाळापासून मानेपर्यंत स्कार्फ, त्यावर गॉगल, हातात कोपरापर्यंत मोजे. तीच मुलगी तशीच कलेक्टर कचेरीसमोरच्या मोर्चात उभी राहिली की मात्र ‘तोंड का लपवलंय?’ असं विचारलं जातं. समोर कडं करून उभ्या असलेल्या पोलिसाच्या हेल्मेटची काच खाली असते, छातीवरची नावाची पट्टी बॉडी प्रोटेक्टरखाली गेलेली असते. त्याला कुणी काही विचारत नाही.

स्कार्फ नेमकं काय लपवतो ते आधी पाहू. चेहरा ओळखणारी यंत्रणा पहिल्यांदा चित्रात चेहरा कुठे आहे ते शोधते. मग डोळे, नाकाचं टोक, ओठांचे कोपरे पकडून तो सरळ करून घेते आणि त्याचं रूपांतर आकड्यांच्या एका यादीत करते, बहुधा १२८ किंवा ५१२ आकड्यांच्या. दोन याद्या एकमेकींच्या किती जवळ आहेत, यावर ‘तोच माणूस’ की ‘दुसरा’ हे ठरतं. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने जुलै २०२० मध्ये असे ८९ अल्गोरिदम, म्हणजे चेहरा ओळखण्याच्या संगणकी पद्धती, मास्क लावलेल्या चेहऱ्यांवर तपासले. उघड्या चेहऱ्यावर सर्वांत चांगले अल्गोरिदम सुमारे ०.३ टक्के वेळा चुकत होते. नाक झाकल्यावर त्यांचीही चूक ५ टक्क्यांवर गेली आणि इतर अनेक २० ते ५० टक्के वेळा फसले. मास्क नाकाखाली घसरला की चुका कमी. काळा मास्क फिकट निळ्यापेक्षा यंत्राला जास्त जड गेला. पण कोविडनंतरचे अल्गोरिदम डोळ्यांभोवतालच्या भागावरच बरंच काम भागवायला शिकले आहेत, त्यामुळे आज नुसत्या स्कार्फवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. गॉगलचीही एक गंमत आहे: रात्री अनेक सीसीटीव्ही ८५० नॅनोमीटरच्या अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात पाहतात आणि आपल्याला काळीकुट्ट दिसणारी बरीच भिंगं त्या प्रकाशाला आरपार जाऊ देतात.

आता खांबावरच्या कॅमेऱ्याकडे वळू. त्याचा धाक त्याच्या कुवतीपेक्षा मोठा आहे. चित्राची रुंदी १९२० पिक्सेल आणि त्याच्या नजरेत मावणारा कोन ९० अंश धरा. दहा मीटरवर तो २० मीटर रुंद रस्ता पाहतो, म्हणजे मीटरमागे ९६ पिक्सेल. माणसाच्या दोन डोळ्यांतलं अंतर साधारण ६.३ सेंटिमीटर, त्याच्या वाट्याला आले सहा पिक्सेल. भरवशाची ओळख पटायला साठेक तरी हवेत. उलट शेजारी उभ्या कार्यकर्त्याच्या फोनमध्ये ४००० पिक्सेल रुंदीचा फोटो निघतो. तीन मीटरवरून सुमारे चार मीटरचं दृश्य, म्हणजे मीटरमागे १००० पिक्सेल आणि डोळ्यांमध्ये ६३. मोर्चातल्या माणसाची ओळख फोडतो तो बहुतेक वेळा आपल्याच ग्रुपवर टाकलेला ‘आजचा मोर्चा’ हा फोटो.

ओळख पटली म्हणजे बरोबरच पटली, असंही नाही. समजा गर्दीत २०,००० चेहरे आहेत आणि संशयितांच्या यादीत १,०००. तुलना झाल्या दोन कोटी. लाखात एक एवढीच चूक धरली, तरी २०० निरपराध लोकांच्या नावापुढे खूण लागते. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारातल्या उत्तरात सांगितलं, की ८० टक्क्यांवरचं साम्य ते ‘जुळलं’ असं धरतात. हा आकडा वाचून अनेकांना वाटतं, माणूस तोच असण्याची शक्यता ८० टक्के. तसं नाही. तो साम्याचा गुणांक आहे. त्याचा शक्यतेशी संबंध अल्गोरिदमनुसार आणि फोटोच्या दर्जानुसार बदलतो.

म्हणून मोर्चेकऱ्याने चेहरा झाकला तर त्यात गैर काही नाही, असं आमचं मत आहे. कायदाही इराद्याकडे पाहतो: महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम १२२ सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात, गुन्हा करण्याच्या इराद्याने तोंड झाकलेल्या माणसाला लागू होतं.

पोलिसाची गोष्ट वेगळी, कारण त्याच्या हातात सरकारने दिलेली काठी आहे. चेहरा झाकला की माणूस क्रूर होतो, असं सरसकट म्हणतात, पण ते अर्धंच खरं. १९७९ च्या एका अमेरिकी प्रयोगात निनावी केलेल्या लोकांना दुसऱ्याला विजेचा धक्का देण्याचं बटण दिलं होतं. नर्सचा पोशाख घातलेले निनावी लोक उलट सौम्य वागले. निनावीपणात माणूस अंगावरच्या कपड्यासारखा वागू लागतो. पोलिसाच्या दंगलविरोधी पोशाखाला हे लावून पाहावं.

डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अटक करणाऱ्या पोलिसाचं नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसलाच पाहिजे असं बजावलं. आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्येही नावाची स्पष्ट, दिसेल अशी ओळख सक्तीची आहे. पण दोन्हीकडे विषय अटकेचा; लाठीमाराबद्दल तिथे शब्द नाही.

शिवाय ‘दिसेल अशी’ म्हणजे किती मोठी? निकोप डोळ्याला सहा मीटरवरून वाचायला अक्षर जेमतेम ९ मिलिमीटर उंच लागतं. म्हणजे बोटाच्या नखाएवढी अक्षरं, तीही उजेडात आणि पट्टी स्थिर असताना. धावपळीत अंतर निम्मं धरा. वीस मीटरवरून वाचायचं तर हिशोबाने ३० मिलिमीटर, प्रत्यक्षात ६० मिलिमीटर हवेत. एवढ्या आकारात आडनाव मावत नाही, बक्कल नंबर मावतो. बर्लिनच्या पोलिसांच्या अंगावर २०११ पासून नाव किंवा क्रमांक असतो. क्रमांकाचा फायदा असा, की पोलिसाच्या घरच्यांचा पत्ता कुणाला लागत नाही, पण चौकशी अधिकाऱ्याला हजेरीपटावरून माणूस सापडतो. मग काच खाली असली तरी बिघडत नाही.

नंबर मात्र हेल्मेटच्या मागे आणि प्रोटेक्टरच्या पाठीवर हवा, आणि पावसाळी बंदोबस्तासाठी रेनकोटवरही. देवनागरीत १ आणि ९ लांबून सारखेच वाटतात, तेव्हा अंकांचा ठसा निवडताना ते आधी तपासावं. चमकणारी टेप लावायचा मोह आवरावा: फोनचा फ्लॅश तिच्यावर पडला की नंबराच्या जागी नुसता पांढरा डाग येतो. साधा मॅट रंग, गडद निळ्यावर पांढरा, पुरतो.